पोटाच्या डायलिसिसवर साठणारा चुना हुलग्याच्या पाण्याने विरघळत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: पोटाचं डायलिसिस पाच वर्षं झालं की कॅल्शियमच्या गोळ्यांमुळे अंगात चुना साठतो, म्हणून जेवणासोबतच्या गोळ्या बंद करा, हुलग्याचं पाणी आणि पानफुटीचा रस प्या, साठा विरघळतो; पोटात साठला तरी पिशव्या चालू ठेवा. माझे वडील याच डायलिसिसवर, म्हणजे सीएपीडीवर आहेत: पिशवीतलं पाणी पोटात सोडायचं आणि काही तासांनी काढायचं, त्यासोबत रक्तातली घाण निघते. हे वाचून गप्प बसवत नाही.

चुना साठतो, हे खरं. रक्तवाहिन्यांत, हृदयाच्या झडपांत, क्वचित पोटाच्या आतल्या, डायलिसिसमध्ये गाळणीचं काम करणाऱ्या पडद्यावरही. पण खापर एकट्या गोळ्यांवर फोडता येत नाही. मोठा दोष फॉस्फरसचा; रक्तात तो वाढला की कॅल्शियमसोबत मिळून साठतो. निकामी किडनी तो बाहेर टाकत नाही आणि पिशव्यांतून दिवसाला साधारण ३०० मिलिग्रॅमच निघतो. जेवणातून मात्र त्याहून कितीतरी जास्त येतो. जेवणासोबतची गोळी हाच फॉस्फरस आतड्यात धरून ठेवते, म्हणून ती घासाबरोबरच हवी. आमच्याकडे पाहुणे आले की कुंद्याचा डबा उघडतो. तो खव्याचा, फॉस्फरसने भरलेला. दुपारचा तो तुकडा गोळीविना पोटात जातो आणि जेवणात कुणी धरतही नाही. कोल्ड्रिंक आणि पाकिटातल्या पदार्थांत घातलेला फॉस्फेट तर डाळी-कडधान्यांतल्या फॉस्फरसपेक्षा जास्त शोषला जातो.

गोळी कॅल्शियम अ‍ॅसिटेटची असेल आणि रक्तात कॅल्शियम वाढलं असेल, तर बदल हवाच. तेव्हा डॉक्टर सेव्हेलॅमर ही कॅल्शियम नसलेली गोळी देतात, व्हिटॅमिन डीचा डोस तपासतात, लिटरमागे १.७५ ऐवजी १.२५ मिलिमोल, म्हणजे कमी कॅल्शियमची पिशवी लावतात. पीटीएच, म्हणजे हाडं आणि कॅल्शियमवर ताबा ठेवणारा हार्मोन, फार दाबला गेला तर हाडं कॅल्शियम घेईनाशी होतात आणि ते रक्तवाहिन्यांत जाऊन बसतं. म्हणून कॅल्शियम, फॉस्फरस, पीटीएच तिन्ही रिपोर्ट एकत्र बघावे लागतात. गोळ्या परस्पर बंद करणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

हुलग्याचं पाणी आपल्याकडे मुतखड्यावर देतात. इथे खडा नाहीच. रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या पेशीच हाडासारख्या वागू लागतात आणि चुना भिंतीत मुरतो. तो कुठल्याही काढ्याने सुटत नाही; वाढ रोखणं एवढंच हातात असतं. उलट ज्यांना लघवी जेमतेम होते, त्यांना तांब्याभर जादा पाण्यानेही सूज आणि धाप येते.

कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्यांतही चुना साठू शकतो; कातडीवर जांभळे-काळे, असह्य दुखणारे चट्टे उठले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. वॉरफरिन चालू असेल तर तेही सांगा, त्याने हा धोका वाढतो.

मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य शेवटचं. पडद्यावर चुना धरणं हे पडदा जाड होऊन आतडी आवळली जाण्याचं लक्षण असू शकतं. पाणी कमी निघायला लागतं, पोट दुखतं, उलट्या होतात, जेवण जात नाही, निघणारं पाणी लालसर दिसतं. अशा वेळी सीटी स्कॅन करून हिमोडायलिसिसवर, म्हणजे मशीनने रक्त साफ करण्यावर जायचं का, हे ठरवावं लागतं. पिशव्या थांबवल्यावरही हा त्रास सुरू होऊ शकतो, म्हणून नंतरही तपासण्या सोडू नयेत. पाणी लालसर किंवा गढूळ निघालं, तर ती पिशवी ओतून टाकू नका; तशीच सोबत घेऊन जा, त्यातलं पाणी तपासायला लागतं.