अमोनियाची गळती आणि ओला रुमाल : एका फॉरवर्डला उत्तर

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यापासून तळोज्यापर्यंत, गारव्यासाठी अमोनिया वापरणाऱ्या बर्फ कारखान्यांच्या आणि मासळी प्रक्रिया युनिटांच्या, शिवाय डेअऱ्यांच्या आणि बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मथळा ‘अमोनियाला घाबरू नका’. थोडक्यात मजकूर असा : अमोनिया हलका असतो, वर निघून जातो, तेव्हा गळती झाली की खाली वाका. तोंडाला ओला रुमाल बांधा. वास येतोच, म्हणून गॅस ओळखणारे महागडे डिटेक्टर लागत नाहीत. अमोनिया पेटत नाही. गळतीवर पाणी मारा. डोळ्यांत गेला तर लिंबाचं पाणी, नंतर दूध-गूळ. आणि शेवटी, नव्वद टक्के अपघात कामगाराच्या निष्काळजीपणानेच होतात. खाली हात जोडलेले इमोजी.

मेसेज निव्वळ थापांचा असता तर उत्तर द्यायची गरज नव्हती. यातल्या बऱ्याच वाक्यांत थोडं खरं आहे, म्हणूनच जुने ऑपरेटरही माना डोलावतात.

‘हलका असतो, खाली वाका’

अमोनियाची वाफ हवेच्या तुलनेत साधारण ०.६ पट जड, म्हणजे हलकीच. कॉम्प्रेसरच्या ग्लँडमधून, म्हणजे फिरत्या दांड्याभोवतीच्या सीलमधून, झिरपणारा गॅस छताकडे जातो, हे प्लँटवरच्या कुणालाही माहीत आहे. पण रिसीव्हरमध्ये (द्रव अमोनिया साठवायच्या टाकीत) आणि लिक्विड लाइनमध्ये वाफ नसते, दाबाखालचा द्रव असतो. तो उणे ३३ अंशाला उकळतो. लाइन फुटली की त्यातल्या काही भागाची क्षणात वाफ होते आणि उरलेला पुष्कळसा भाग बारीक थेंबांच्या रूपात तिच्याबरोबर उडतो. हे थेंब आसपासची हवा इतकी गार करतात की सगळा ढगच हवेपेक्षा जड होतो आणि जमिनीलगत सरकत जातो.

१९७३ साली दक्षिण आफ्रिकेत पॉचेफस्ट्रूमच्या खत कारखान्यात टाकी फुटून सुमारे ३८ टन अमोनिया बाहेर पडला आणि १८ माणसं गेली. १९९२ मध्ये सेनेगलच्या डाकार शहरात शेंगदाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात अमोनियाची एक फिरती टाकी फुटली, तेव्हा १२९ जण मेले. अशा ढगात खाली वाकणं म्हणजे तो जिथे सगळ्यात दाट आहे तिथेच तोंड नेणं. पांढरं धुकं दिसलं तर विंडसॉककडे (वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीकडे) बघायचं, वाऱ्याला आडवं चालत ढगाच्या बाजूला निघायचं आणि मग वारा ज्या दिशेकडून येतोय तिकडे जायचं. प्लँटवर विंडसॉक नसेल तर तो आजच लावून घ्या. कापडाचा तुकडा आहे, त्याला बजेट लागत नाही.

‘ओला रुमाल बांधा’

अमोनिया पाण्यात भरपूर विरघळतो, त्यामुळे ओलं फडकं चार श्वास थोडे सुसह्य करतं. बाहेर पळताना हाताशी दुसरं काहीच नसेल तर बांधा, हरकत नाही. पण हा सल्ला लोक कसा वापरतात ते बघितलंय का? रुमाल बांधून आत परत जातात, व्हॉल्व्ह बंद करायला. डोळे तर उघडेच असतात, आणि घामेजलेली मान, काख, जांघ अमोनियाला ओल्या फडक्याइतकीच आवडते. कोविडपासून पडून असलेला एन-९५ मास्क धूळ अडवतो, गॅस नाही.

अमोनियासाठी कॅनिस्टर मास्क वेगळा येतो. युरोपीय पद्धतीत त्याच्यावर हिरवा पट्टा आणि ‘के’ हे अक्षर असतं. त्यालाही मर्यादा आहे : हवेत ३०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ३०० भाग) अमोनिया म्हणजे जिवाला तात्काळ धोका, असं अमेरिकेतली निऑश ही कामगार-सुरक्षेची संस्था मानते. त्यापुढे, किंवा नक्की किती आहे ते माहीत नसेल तेव्हा, पाठीवर हवेचा सिलिंडर लागतो, अंगभर सूट लागतो आणि बरोबर तितकाच सज्ज दुसरा माणूस लागतो. हे तिन्ही नसेल तर व्हॉल्व्ह राहू द्या आणि अग्निशमन दलाला बोलवा.

‘वास येतोच, डिटेक्टर कशाला’

नाक चांगलं यंत्र आहे, फक्त त्याला सवय लागते. आठ तासांच्या शिफ्टसाठी मर्यादा २५ पीपीएम धरतात. नव्या माणसाला त्याच्या आतच वास झोंबतो, आणि दहा वर्षांचा ऑपरेटर त्याच हवेत डबा उघडून जेवतो. ‘आपल्याला काही होत नाही’ हे तो कौतुकाने सांगतो, पण बधिर झालंय ते नाक. फुप्फुसाला अशी सूट मिळत नाही. शिवाय रात्री दोनला मशीनरूममध्ये कुणाचंच नाक नसतं. डिटेक्टर तेव्हा भोंगा वाजवतो, एक्झॉस्ट चालू करतो आणि बाहेरच्याला आत शिरण्याआधी आकडा दाखवतो.

मात्र डिटेक्टर लावून भागलं असंही नाही. २०१७ च्या ऑक्टोबरात कॅनडातल्या फर्नी गावच्या आइस रिंकमध्ये (बर्फावरच्या स्केटिंगच्या मैदानात) अमोनियाने तिघांचा जीव घेतला. तिथला जुना चिलर, म्हणजे गारवा करणाऱ्या यंत्रणेचा भाग, बदलायची शिफारस काही वर्षांपूर्वीच झाली होती, ती पुढे ढकलली गेली. तो गळतोय हे माहीत असूनही पुन्हा चालू केला होता.

‘पेटत नाही’

पेटतो. हवेत साधारण १५ ते २८ टक्के अमोनिया झाला की ठिणगी पुरते. उघड्यावर इतकं प्रमाण सहसा होत नाही, बंद मशीनरूममध्ये होतं. चीनमधल्या देहुई इथल्या कोंबडी प्रक्रिया कारखान्यात ३ जून २०१३ ला विजेच्या शॉर्टसर्किटने आग लागली, तिच्या आचेने अमोनियाची यंत्रणा फुटली आणि १२१ कामगार मेले. बाहेर पडायचे दरवाजे कुलूपबंद होते. ‘माल बाहेर जातो’ म्हणून मागच्या दाराला कुलूप घालणाऱ्या मुकादमाला हे जरूर वाचायला द्यावं.

‘गळतीवर पाणी मारा’

माझ्या मते या मेसेजमधलं सगळ्यात धोकादायक वाक्य हेच, कारण ते सगळ्यात पटणारं आहे. हवेतल्या ढगावर बारीक फवाऱ्याचा पडदा धरला तर तो गॅस शोषून घेतो, अग्निशमन दलही हेच करतं. पण जमिनीवर द्रव अमोनियाचं डबकं साचलं असेल आणि त्यावर होजपाइप सोडला, तर परिणाम उलटा होतो. नळाचं पाणी त्या द्रवापेक्षा जवळजवळ साठ अंशांनी गरम असतं, त्यात अमोनिया पाण्यात विरघळतानाही उष्णता सोडतो. डबकं उसळून उकळतं आणि संथपणे उडणारा गॅस एकदम अंगावर येतो. फुटलेल्या जागी थेट पाणी मारल्यानेही हेच होतं. म्हणजे फवारा ढगावर, डबक्यापासून लांब, आणि तोही वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहून. वाहून जाणारं पाणी खाडीत सोडलं तर तिथली मासळी मरते, तेव्हा ते अडवायची सोय आधीच हवी.

माणसाच्या अंगावर मात्र पाणीच, आणि भरपूर. द्रव अमोनियाने कपडे कातडीला गोठून चिकटतात. ते ओढले तर सालपट निघतं, म्हणून आधी पाणी ओतून सुटे करायचे, मग काढायचे.

‘डोळ्यांत लिंबाचं पाणी’

अमोनिया अल्कली, लिंबू आम्ल. अल्कलीवर आम्ल, हे गणित परीक्षानळीत ठीक. डोळ्यात ती अभिक्रिया आणखी उष्णता करते, आणि लिंबू शोधण्यात जातो तो वेळ भरून येत नाही. अल्कली डोळ्याच्या पेशीतल्या चरबीचा साबण करत आत शिरते, थांबत नाही. पापण्या बोटांनी उघड्या धरून साधं स्वच्छ पाणी, किमान पंधरा मिनिटं, न थांबता. मग डोळ्यांचा डॉक्टर. आयवॉश (डोळे धुवायचा नळ) बसवलेला असतो, पण त्याच्या पुढ्यात रिकामे क्रेट रचलेले असतात आणि नळ उघडला की आधी गंजाचं पाणी येतं. आठवड्यातून एकदा तो उघडून बघायला कुणाची परवानगी लागत नाही.

दूध-गूळ पोटात जातात, अमोनिया फुप्फुसात. विषय संपला. उलट ‘दूध प्यायला, बरं वाटतंय’ म्हणून माणसाला घरी पाठवतात आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरू लागतं. दाट गॅस श्वासात गेलेल्याला दवाखान्यात देखरेखीखाली ठेवायलाच हवं.

‘नव्वद टक्के कामगाराचा निष्काळजीपणा’

हा आकडा हर्बर्ट हाइनरिक या अमेरिकन विमा कंपनीतल्या माणसाकडून आलेला आहे. १९३१ साली त्याने ८८ टक्के अपघात कामगारांच्या असुरक्षित कृतीने होतात असं मांडलं. त्यासाठी त्याने वापरले विम्याचे आणि कारखान्यांचे अपघात अहवाल, ज्यांत कारण लिहीत मुख्यतः सुपरवायझर किंवा मालक. स्वतःच्या यंत्राचा दोष त्यांपैकी किती जण लिहितील?

ऑइल ड्रेनचंच, म्हणजे यंत्रणेत साचलेलं तेल काढायच्या जागेचंच घ्या. अमोनिया प्लँटवर माणसं जिथे हमखास भाजतात अशी ही जागा. ऑपरेटर साधा व्हॉल्व्ह उघडतो, तेल घट्ट आहे म्हणून आणखी उघडतो, तेल संपतं आणि मागून द्रव अमोनिया येतो. तेवढ्यात तो फोन घ्यायला वळला असेल तर अहवालात निष्काळजीपणा लिहिला जातो. तिथेच हात सोडला की स्प्रिंगने आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह असेल, तर तोच माणूस तितकाच बेफिकीर असूनही फोनवर बोलत उभा राहतो आणि बादलीत फक्त तेल असतं. या मेसेजमध्ये रुमाल आहे, लिंबू आहे, गूळ आहे. हा व्हॉल्व्ह कुठेच नाही, कारण तो मालकाला विकत घ्यावा लागतो.