खिशात मावतो, घरात नाही

मी हॉलच्या फरशीवर पालथी पडले होते, गाल फरशीला टेकलेला आणि हातातली टॉर्च अगदी आडवी धरलेली, कारण असा आडवा उजेड टाकला की बारक्यातल्या बारक्या वस्तूचीही लांब सावली पडते आणि ती सापडते. युक्ती खरी आहे, फक्त घरात केर किती राहिलाय तेही तितकंच ठळक दिसतं. तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या.

"काय हरवलंय गं?"

"स्क्रू."

"कुणाचा?"

"कॅमेऱ्याचा हो, आई."

"मग ठीक आहे," असं म्हणून त्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसल्या. म्हणजे माझाच असता तरी त्यांना फारसं आश्चर्य वाटलं नसतं.

तर हा स्क्रू एक मिलिमीटरच्या आसपासचा, मुंगीने उचलून नेला असता तर तिला ओझंही वाटलं नसतं. आणि तो ज्या कॅमेऱ्याचा तो कॅमेरा माझ्या मामाचा, म्हणजे मामा गेल्यावर त्याच्या कपाटातून माझ्याकडे आलेला. चपटा, लांबुळका, बोटभर लांबीचा, मिनॉक्स नावाचा. सोबत एक बारीक साखळी होती, मधेमधे मणी असलेली. पहिली दोन वर्षं मी तिला किल्ल्या लावून वापरत होते. नंतर कळलं की ती अंतर मोजायची साखळी आहे, एक टोक कॅमेऱ्यात अडकवायचं आणि दुसरं फोटो काढायच्या वस्तूला लावायचं, कारण हा गडी २० सेंटीमीटरपर्यंत जवळचं टिपतो आणि तेवढ्या जवळून अंतराचा अंदाज चुकला की सगळा फोटो दुधात भिजल्यासारखा येतो. हेर लोक म्हणे याच साखळीने अंतर धरून कागदपत्रांचे फोटो काढायचे. मी नवऱ्याचा काढायला गेले. साखळी ताणून त्याच्या नाकाला लावली तर म्हणाला, "अगं, फोटो काढतेयस की शर्ट शिवतेयस?"

खरं तर हेरांचा आणि या कॅमेऱ्याचा मूळ संबंध काहीच नाही. वॉल्टर झॅप नावाच्या माणसाने तो बनवला, १९०५ साली रिगाला जन्मलेला, आणि त्याची इच्छा एवढीच होती की साध्या माणसाच्या खिशात कायम राहील असा कॅमेरा असावा. त्यासाठी त्याने आधी म्हणे लाकडाचा ठोकळाच घडवला, मुठीत कितपत बसतो ते बघायला. मग रिगाच्याच व्हीईएफ कारखान्यात १९३८ पासून हे कॅमेरे निघायला लागले आणि महायुद्धानंतर सगळा कारभार जर्मनीत गेला. माझ्या मते त्या लाकडी ठोकळ्यापाशीच थांबला असता तर बरं झालं असतं. ठोकळ्यात फिल्म भरावी लागत नाही.

फिल्म, हो. सगळं रामायण तिथे आहे. कॅमेरा लहान म्हणजे फिल्म पण लहान, जेमतेम सव्वानऊ मिलिमीटर रुंद, आणि तिच्यावर उमटणारं चित्र ८ बाय ११ मिलिमीटर. साध्या ३५ मिमी रोलवर २४ बाय ३६ चं चित्र येतं, गणित करून बघा, जवळपास दहापट मोठं. म्हणजे करंगळीच्या नखावर अख्खं कुटुंब बसवायचं, सासूबाईंच्या चष्म्यासकट. बरं ही फिल्म दुकानात जाऊन मागितली तर दुकानदार आपल्याकडे असा बघतो की आपणच काहीतरी चुकीचं बोललो असं वाटायला लागतं. मग उपाय एकच, मोठी फिल्म आणायची आणि घरी कापायची. ३५ मिमी फिल्मच्या दोन्ही कडांना भोकं असतात, ती सोडली तर मधे साधारण २५ मिलिमीटर कोरी जागा उरते, त्यातून सव्वानऊच्या दोन पट्ट्या निघतात. कागदावर अगदी सोपं.

पण कापायची मिट्ट काळोखात. लाल दिवा वगैरे सिनेमात असतो आणि तो प्रिंटच्या कागदाला चालतो, या फिल्मला कसलाच दिवा चालत नाही. आमच्या घरात काळोख मिळायची जागा एकच, बाथरूम. दाराच्या फटीला टॉवेल, खिडकीला काळा कागद, मी आत पाटावर, मांडीवर कापायचं यंत्र. यंत्र म्हणजे काय, एका खाचेत ओळीने बसवलेली ब्लेडं, वरून झाकण दाबायचं आणि फिल्म पलीकडून सरळ ओढून घ्यायची. सरळ हा शब्द महत्त्वाचा. अर्धा मिलिमीटर वाकडी गेली तर पट्टी कॅसेटमध्ये अडकते. आणि ती अडकल्याचं आपल्याला कधी कळतं, तर सहलीला जाऊन आल्यावर.

ओढून झाल्यावर दोन पट्ट्या कामाच्या आणि बाकीच्या चिंध्या, भोकांच्या कडांच्या, त्या पायाला अशा गुंडाळतात की अंधारात काहीतरी जिवंत आहे असं वाटतं. आता कामाची पट्टी कुठली, आणि तिची चकचकीत बाजू कुठली, औषध लावलेली कुठली, हे दिसणार कसं? तर ओठाला लावून बघायचं. ओठ जरासा ओला करायचा आणि पट्टीचं अगदी टोक टेकवायचं, जी बाजू किंचित चिकटते ती औषधाची. मग ती पट्टी उलटी सुरळी करून कॅसेटच्या एका कप्प्यात, टोक दुसऱ्या कप्प्यातल्या चिमुकल्या रिळाला चिकटपट्टीने लावायचं. हे दोन कप्पे मधल्या बारीक पुलाने जोडलेले असतात, अख्खी कॅसेट बोटाच्या दोन पेरांएवढी. घामाने बोटं ओली, चिकटपट्टी फिल्म सोडून माझ्या अंगठ्याला लागलेली, आणि त्या क्षणी बाहेरून मुलगा ओरडतो, "आई, किती वेळ?"

"पाच मिनिटं!"

"मगाशी पण पाच मिनिटं म्हणालीस!"

आमच्या बाथरूमच्या दिव्याचं बटण बाहेर आहे. यापुढचं सांगायची गरज नाही खरं तर. त्याचा हेतू चांगला होता, आई अंधारात बसलीय म्हणून त्याने लावला. मी ओठाला फिल्म लावून, अंगठ्याला चिकटपट्टी आणि पायात चिंध्या अशा अवस्थेत दिव्याकडे बघत बसले. तेव्हापासून मी त्या बटणावर पण चिकटपट्टी मारते. आता ती काढायची राहून जाते आणि घरातले सगळे अंधारात आंघोळ करतात.

एवढ्या कष्टाने ३६ फोटोंची फिल्म भरली की ती जपून वापरायची की नाही? पण या कॅमेऱ्याची गंमत अशी आहे की तो ओढून उघडायचा आणि दाबून मिटायचा, आणि त्या उघडमिटीतच फिल्म पुढे सरकते. नंतरच्या मॉडेलांत फोटो काढला तरच सरकते अशी सोय केलीय म्हणतात, माझं मॉडेल जुनं, त्याला काही देणंघेणं नाही, फोटो काढा नाहीतर नका काढू, मिटून उघडलं की एक घर गेलं. आणि तो 'खटक' आवाज इतका गोड आहे! ज्याच्या हातात जातो तो माणूस खटक, खटक, खटक करतो. मामाचा मित्र आला होता त्याने जुन्या आठवणी सांगता सांगता चौदा घरं खाल्ली. "वा, अजून चालतोय की," म्हणाला, खटक. त्या रोलमध्ये माझे नऊ फोटो निघाले आणि बाकी सगळी पारदर्शक शांतता. आता पाहुणे आले की मी त्यांच्या हातात जपानी मिनोल्टा-१६ देते, तोही तसाच उघडमिटीचा आहे पण मुद्दाम रिकामा ठेवलेला.

उजेडाचं वेगळंच. माझ्या कॅमेऱ्याच्या भिंगाला छिद्र लहानमोठं करायची सोयच नाही, एफ ३.५ ते ३.५ (एफचा आकडा जितका मोठा तितकं छिद्र लहान), उन्हात पण तेच आणि खोलीत पण तेच. आता भर उन्हात १०० आयएसओच्या (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती हळवी त्याचं माप) फिल्मला एफ १६ ला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो, हे सगळ्या फोटोवाल्यांना पाठ असतं. तेच ३.५ वर आणलं तर साधारण दोन हजारावा भाग लागतो. आणि शटर हजाराव्या भागाशी संपतं. मग उजेड कमी करणारा सरकता फिल्टर पुढे आणा, नाहीतर कमी आयएसओची फिल्म शोधा, नाहीतर सरळ सावलीत जा. मी सावलीत जाते. आमचे सगळे कौटुंबिक फोटो झाडाखालचे आहेत, त्यामागे निसर्गप्रेम काही नाही.

कॅमेऱ्यावर उजेड मोजायचं मीटर आहे. १९५८ सालच्या बी मॉडेलपासून ते आलं, सेलेनियमचं, बॅटरी लागत नाही, उजेड पडला की त्याच उजेडाच्या विजेवर काटा हलतो. माझ्या मीटरचा काटा वयोमानाने आता सगळ्यालाच 'हं' म्हणतो. ऊन असो, ट्यूबलाइट असो, तो मधेच कुठेतरी. मी त्याला सोडून दिलंय. बॅटरीवाल्या मॉडेलवाल्यांचे हाल तर आणखी वेगळे, त्यांना पाऱ्याच्या बॅटऱ्या लागायच्या आणि पारा विषारी म्हणून त्या बंद झाल्या, आता अडॅप्टर शोधत हिंडतात बिचारे. त्यापेक्षा माझा मेलेला काटा बरा, निदान खर्च मागत नाही.

डेव्हलप करणं मात्र मला आवडतं, खोटं कशाला बोलू. छोटी टाकी, तिला औषध लागतं जेमतेम ५५ मिलीच्या आसपास, ते मी खोकल्याच्या औषधाच्या मापाने मोजते (ते माप आता वेगळं ठेवलंय, आणि त्यावर मोठ्ठं "नाही" असं लिहिलंय). इतक्या थोड्या पाण्याचं तापमान टिकत नाही, आपण थर्मामीटर बघेपर्यंत दोन डिग्री खाली. म्हणून टाकी मोठ्या भांड्यात, भांडं बादलीत, म्हणजे दोन बोटांच्या फिल्मसाठी बादलीभर कोमट पाणी. धुवून झाली की वाळत घालायची, आणि इथे परत अडचण, पट्टी इतकी हलकी की स्वतःभोवती वेटोळं करते, खाली चिमटा लावावा तर चिमट्याच्याच वजनाने ती ताणून ताणून शिक्षा भोगत असल्यासारखी दिसते.

आणि धूळ! मोठ्या फिल्मवरचा धुळीचा कण म्हणजे ठिपका असतो, इथे तो दगड असतो. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड धरा. ८ बाय ११ चं चित्र १० बाय १५ सेंटीमीटरच्या प्रिंटवर नेलं की तेराएक पट मोठं होतं, म्हणजे केस झाला जवळजवळ एक मिलिमीटरचा. नवऱ्याच्या त्या नाकावरच्या फोटोत एका नाकपुडीतून दुसरीकडे असा दोरखंड गेलाय. तो म्हणतो ती साखळीच आहे. मला आता वादही घालायचा नाही.

तर स्क्रू. शटर अडकायला लागलं होतं. म्हणजे दाबलं की उघडायचं आणि मिटायचा विचार करत बसायचं. साठ वर्षांचं जुनं ग्रीस घट्ट झालं की असं होतं, आणि याला उपाय तेल नाही, हे मी घरात सगळ्यांना सांगितलेलं. तेल पात्यांवर पसरतं आणि ती पातळ पाती एकमेकींना ओल्या पापडासारखी चिकटतात. पण नवरा प्रेमळ आहे. मी बाहेर गेलेली असताना त्याने शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, "फक्त एकच गं", आत सोडला होता. त्या कॅमेऱ्याला एक थेंब म्हणजे आंघोळ. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाची काडी, चिमटा, कपाळाला लावायचं भिंग, आणि खाली पांढरा टॉवेल पसरलेला, कारण टॉवेलवर पडलेला स्क्रू घरंगळत नाही असं सगळे जाणकार सांगतात. खरंच घरंगळत नाही. उडतो. पेचकस खाचेतून निसटला, टिच्च असं झालं, आणि विश्वात एक स्क्रू कमी झाला.

मी सगळ्यात आधी लोहचुंबक फिरवलं, आख्ख्या हॉलभर, गुडघ्यावर. चार टाचण्या मिळाल्या, एक केसाची पिन, मुलाच्या खेळण्यातलं चाक. मग आठवलं, स्क्रू बहुतेक पितळेचा. पितळ चुंबकाला ओळखही देत नाही.

"हा का गं?"

सासूबाईंनी खुर्चीवरूनच तर्जनी पुढे केली होती. तिच्या टोकावर, थुंकीने चिकटवलेला, तो. त्यांच्या पदराच्या निरीत अडकला होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना काहीही दिसतं, फक्त त्या लगेच सांगत नाहीत. मी विचारलं, "कधी दिसला तुम्हाला?"

"तू चुंबक घेऊन निघालीस तेव्हाच. म्हटलं, होऊ दे थोडी सफाई."

रात्री साडेअकराला शटर परत चालायला लागलं. टिक. आणि मिटलं. मी कॅसेट घातली, उघडलं, पहिला फोटो सासूबाईंचा काढायचा ठरवलं, त्या पदर सारखा करून बसल्या पण आधीच बजावलं की ती साखळी माझ्या नाकाशी आणायची नाही. नाही आणली. अंतर नजरेने धरलं, श्वास रोखला, दाबलं.

"झाला?"

"झाला."

"दाखव."

म्हटलं आई, आता अजून पस्तीस काढायचे आहेत, मग ते डेव्हलप करायचे, मग वाळवायचे, मग स्कॅनरला एवढ्या फिल्मची चौकट नसते ती पुठ्ठ्याची कापायची, साधारण दीडेक महिना धरा.

त्यांनी थोडा वेळ विचार केला. मग पदर पुन्हा सारखा केला.

"तोवर मोबाईलवर पण एक काढून ठेव."