हान्साप्लात्झवरून दादाला

आमच्या मावसभावंडांच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात पुण्यातल्या एका शाळेच्या गॅदरिंगवरून वाद पेटला. पाचवीच्या मुलांनी नाटुकलं बसवलं होतं. त्यातली मुलगी आठवडाभर आईकडे आणि शनिवार-रविवार बाबांकडे राहते, आणि तिची गणिताची वही कायम दुसऱ्या घरी राहिलेली असते. पालकांनी तक्रार केली. रंगीत तालीम झाल्यावर नाटुकलं रद्द झालं आणि त्याच मुलांकडून दोन दिवसांत कोळीगीत बसवून घेतलं. दादाने लिहिलं, "बरं झालं. मुलांना मुलांसारखं राहू द्या. हे ग्रिप्सचं जर्मन खूळ आपल्याकडे कशाला? आपलं नाटक आपल्या मातीतलं होतं." (ग्रिप्स म्हणजे मुलांच्या रोजच्या खऱ्या प्रश्नांवर नाटकं करणारं बर्लिनचं थिएटर.) आणि मी बर्लिनला राहते म्हणून खाली खास माझ्यासाठी, "तू तिकडे बसून बोलू नकोस."

हे शेवटचं वाक्य मला चार दिवस सुटलेलं नाही. पण आधी मातीचं बोलते.

दादाला 'संशयकल्लोळ' तोंडपाठ आहे. त्याचं मूळ मोलियरचं, फ्रेंच. देवलांनी ते इंग्रजीतून उचललं आणि असं मुरवलं की फाल्गुनराव परका आहे असं कुणाच्या मनातही येत नाही. त्याच देवलांनी 1890 मध्ये ऑथेल्लोचा 'झुंझारराव' केला. पुलंनी जर्मन नाटककार ब्रेख्तचा 'तीन पैशाचा तमाशा' केला. आपल्या मातीत बी बाहेरूनच येत आलंय, आणि तिने ते आनंदाने रुजवलंय. मग मुलांच्या नाटकापाशी आल्यावरच ही माती एवढी सोवळी का होते?

ग्रिप्स पुण्यात आलं 1986 साली. डॉ. मोहन आगाशे, थिएटर अकॅडमी आणि मॅक्स म्युलर भवन यांनी ते आणलं. आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. 'घाशीराम'मधले नाना फडणवीस तेच, आणि 1980 मध्ये ते नाटक युरोपला निघालं तेव्हा आपली परदेशात बदनामी होईल म्हणून विरोध झालाच होता. बर्लिनहून दिग्दर्शक वोल्फगांग कोलनेडर पुण्याला आले, मराठी नटांबरोबर तालमी केल्या. श्रीरंग गोडबोल्यांसारख्या लेखकांनी ती नाटकं आपल्या घरांत, आपल्या जिन्यांवर आणून ठेवली. सहकार्य म्हणतात ते हे. नुसता चार दिवसांचा महोत्सव आणि शाल-श्रीफळ नव्हे.

मी तेव्हा आठ वर्षांची होते. दाढीवाला मोठा माणूस अर्ध्या चड्डीत आमच्या वयाचा मुलगा झाला होता, आणि दोन मिनिटांत त्याची दाढी दिसेनाशी झाली. आईबाबांचं भांडण सुरू झालं तसा तो कॉटखाली जाऊन बसला. आमच्या घरी त्या उन्हाळ्यात आई-बाबा एकमेकांशी बोलत नव्हते. "बाबांना विचार, वाढू का." "आईला सांग, भूक नाही." असे निरोप मी स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आणि परत नेत असे. त्या माणसाला कॉटखाली बघेपर्यंत मला वाटायचं, असं फक्त आमच्याच घरात चालतं. ते नाटक मूळचं जर्मन आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मला ते जाणवलंही नव्हतं.

ते कळलं इथे, बर्लिनला आल्यावर. लेकीच्या वर्गाबरोबर पालक म्हणून गेले होते. यू-नाइन मेट्रोमधून हान्साप्लात्झला उतरलं की जिन्याशीच ग्रिप्स थिएटर. तीन बाजूंनी प्रेक्षक, मध्ये नट, नेपथ्य म्हणाल तर जेमतेम. मुलं मध्येच ओरडून नटांना सल्ले देत होती, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्यावर चर्चा होणार होती. इथे हे असं असतं. 2024च्या नोव्हेंबरमध्ये बर्लिनच्या सरकारने संस्कृतीचा पैसा कापायचं ठरवलं, तेव्हा ब्रांडेनबुर्ग तोरसमोर माणसं गोळा झाली. आपल्याकडे बालनाट्यासाठी कोण रस्त्यावर येईल?

हे मी ग्रुपवर लिहिलं. एक गोष्ट मात्र गाळली. सत्तरच्या दशकात इथल्याही पुढाऱ्यांनी ग्रिप्सला कम्युनिस्ट ठरवलं होतं, मुलांना तिकडे नेऊ नका म्हणून शाळांच्या मागे लागले होते. दादासारखी माणसं इथेही होतीच. ती हरली, कारण थिएटर टिकलं आणि तिथे बसलेली मुलं मोठी झाली.

आणखीही एक गाळलं. ते सांगायला मला इतके दिवस लागले.

मागच्या गणपतीत आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमात मुलांचं नाटक माझ्याकडे होतं. लेकीने आणि तिच्या मैत्रिणींनी ते मराठीत लिहिलं, अडखळत, विचारत विचारत. त्यात एक वाक्य होतं, "बाबा आता लाइपझिगला राहतो, आणि तिथे माझा टूथब्रश पण आहे." मी ते काढायला लावलं. आमच्यातलंच एक जोडपं नुकतंच वेगळं झालं होतं, दोघंही समोर बसणार होते. मोदक, आरती, साड्या, आणि त्यात हे? लेक म्हणाली, "पण होर्टमध्ये तर हे सगळ्यांना माहीत आहे." होर्ट म्हणजे शाळा सुटल्यावर मुलं थांबतात ती जागा. मी म्हटलं, इथे नको.

इथे म्हणजे कुठे? भाड्याने घेतलेल्या त्या हॉलमध्ये मला वर्षातून एकदा दोन तास पुणं हवं असतं, आणि माझ्या आठवणीतल्या पुण्यात असलं मोठ्याने बोलत नाहीत. हान्साप्लात्झला मी मोकळ्या मनाची आई असते, कारण तिथे मला ओळखणारं कुणी नसतं. तिथल्या विनोदांना लेक माझ्याआधी हसते. गणपतीच्या हॉलमध्ये मी सगळ्यांच्या आधी हसते, आणि ते गमवायची मला भीती वाटते. म्हणून एका मुलीचा टूथब्रश मी कापला. त्या शाळेने वही कापली, तसाच.

दादा, तरीही त्या शाळेचं चुकलंच. आणि मीही चुकले. या वर्षी ते वाक्य परत घालायचं असं मी लेकीला सांगितलंय. त्या जोडप्याला आधी फोन करून विचारेन, कारण मुलगी त्यांची आहे आणि नाटकात तीही आहे.

आणि 86च्या त्या उन्हाळ्यात तू महिनाभर आमच्याकडे राहायला होतास. मी खेळायला गेले की बाबांचे निरोप आईला तूच सांगायचास, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून, चौकटीला धरून. तुला आठवतं का?