माणसं टिकवणार नसाल तर यंत्रं कशाला घेता?

आज सकाळी भाचीचा फोन आला. तिच्या संशोधन प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली नाही, ती सोडतेय. फेलोशिपचे पैसे कित्येक महिने अडकलेत, खोलीचं भाडं तिचे बाबा भरतात. एका खासगी कंपनीत डेटाचं काम मिळालंय. "मावशी, काम आवडतं गं मला, पण बाबांकडे किती दिवस मागू?" एवढंच म्हणाली आणि गप्प झाली. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही.

ती एरोसोलवर, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांवर काम करते. काजळी, धूळ, कोळशाच्या धुरातून तयार होणारं सल्फेट. गेल्या हिवाळ्यात तिच्या संस्थेच्या गच्चीवर गेले होते. हवा गाळणारी पांढरीशुभ्र क्वार्ट्झची चकती तिने चिमट्याने सॅम्पलरमध्ये, म्हणजे हवा ओढून घेणाऱ्या यंत्रात बसवली, पंप सुरू केला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला काढली तर तव्याच्या बुडासारखी काळपट. फॉइलमध्ये गुंडाळून, तारीख घालून तिने ती फ्रीझरमध्ये ठेवली. म्हणाली, "काल आपण दोघींनी हीच हवा घेतली."

लोकांना हा फक्त खोकल्या-दम्याचा विषय वाटतो. अहो, हा पावसाचा विषय आहे! सल्फेटचे कण ऊन परत फिरवतात, काजळी ऊन शोषून हवा तापवते. पण एकूण हिशेबात थंडावाच जास्त: हे सगळे कण नसते तर पृथ्वी आजच्याहून साधारण अर्धा अंश जास्त तापली असती, इतका त्यांचा पडदा दाट आहे. आणि त्याची किंमत आपण पावसात मोजतोय. जमीन पुरेशी तापली नाही की समुद्रावरून येणारे वारे जोर धरत नाहीत. भूविज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालात लिहिलंय की १९५१ ते २०१५ या काळात मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला, गंगेच्या मैदानात आणि आपल्या पश्चिम घाटात ठळकपणे, आणि त्यात एरोसोलचा मोठा हात आहे. हा अहवाल पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झाला. आपल्या घाटावरचा पाऊस, आपल्याच गावात बसून मोजलेला!

आता कोळशावरच्या वीजकेंद्रांचं बघा. गंधकाचा धूर (त्यातूनच सल्फेट बनतं) रोखणारी यंत्रणा बसवा असे निकष २०१५ मध्ये आले, मुदती ढकलत राहिले, आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना सूटच देऊन टाकली. मला तो निर्णय अजिबात पटलेला नाही. चंद्रपूरच्या लेकरांनी किती वर्षं तो धूर घ्यायचा? पण उद्या तो धूर थांबला, आणि थांबायलाच हवा, की हे कण आठवड्या-दोन आठवड्यांत हवेतून धुऊन जातील. कार्बन डायऑक्साइड मात्र शतकानुशतकं राहणार. म्हणजे झाकलेली उष्णता भराभर वर येणार. कुठे, किती, पावसाचं काय होणार, काजळी आधी कमी केली तर काय, हे आधी मोजून ठेवायला नको? ते मोजणारी पोरगी पुढच्या महिन्यात कुठल्याशा कंपनीत ग्राहकांच्या याद्या चाळणार आहे.

सरकारने काहीच केलं नाही असं नाही, मान्य. १९९९ ची हिंद महासागरावरची हवा मोजणारी इंडोएक्स मोहीम, इस्रोच्या एरोसोल वेधशाळांचं जाळं, महाबळेश्वरची ढगांची प्रयोगशाळा, आयआयटी मुंबईच्या नेतृत्वाखाली अनेक संस्थांनी मिळून उभा केलेला काजळीसारख्या कणांचा अभ्यास करणारा कोलेस प्रकल्प. या लोकांबद्दल मला नितांत आदर आहे. पण प्रकल्प संपतो, हवा संपत नाही! हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर चार्ल्स कीलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५८ पासून कार्बन डायऑक्साइड मोजला. १९६४ मध्ये पैसे आटले म्हणून तिथेही काही महिन्यांचा खंड पडला, आणि तो खंड आजही त्या आलेखात आहे. मोजायचा राहिलेला दिवस नंतर कितीही पैसे ओतले तरी मिळत नाही.

भाचीच्या फ्रीझरमधल्या चकत्या तशाच पडून आहेत. का, तर कार्बन मोजणाऱ्या यंत्राला हेलियम लागतो, सिलिंडर संपलाय आणि खर्चाच्या त्या शीर्षाखाली पैसे नाहीत. लाखोंचं यंत्र धूळ खातंय. मघाशी हे टाइप करताना हात थरथरत होते, आता नुसतं वाईट वाटतंय.

मला एकच राष्ट्रीय कार्यक्रम हवाय, निदान वीस वर्षांच्या हमीचा. सह्याद्री, विदर्भ, गंगेचं मैदान, हिमालय, दोन्ही किनारे, सगळीकडे कायम चालणारी केंद्रं. हवामानवाले, आरोग्यवाले, उपग्रहवाले एका छताखाली. देखभालीचा आणि गॅसचा खर्च पहिल्या दिवसापासून धरलेला. संशोधकांचा पगार एक तारखेला. २०२३ च्या कायद्याने झालेल्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचे ५० हजार कोटी मला कुणी सांगू नका, त्यातला मोठा वाटा खासगी क्षेत्राकडून यायचा होता. सह्याद्रीवरची काजळी मोजायला कुठली कंपनी पैसे देणार आहे? हे काम सरकारचंच.

आमच्या खासदारांना आजच पत्र लिहिलंय: एरोसोल संशोधनाचे किती प्रकल्प मुदतवाढीसाठी अडकलेत आणि किती जणांची फेलोशिप थकली आहे, हे लोकसभेत विचारा. मसुदा पहिल्या कमेंटमध्ये टाकते. आपापल्या खासदाराचं नाव घालून पाठवा, आणि तुमच्या घरात कुणी असं अडकलेलं असेल तर मला इनबॉक्समध्ये कळवा.