हेर कुजबुजतो आणि व्हायोलिनं किंचाळतात

चित्रपट संपून दिवे लागता लागता "कसा वाटला?" असं जो पहिल्यांदा विचारतो, त्याच्यापासून मी चार हात लांब राहतो. विनोदी चित्रपट असला तर जो तो आपापला आवडता संवाद म्हणून दाखवतो आणि प्रकरण मिटतं. रडका असला तर डोळे पुसण्यातच सगळे गुंतलेले असतात. हेरपट मात्र मिटता मिटत नाही. त्याची गोष्ट निम्म्यांना कळलेली नसते आणि उरलेल्या निम्म्यांना भलतीच कळलेली असते. तो दुहेरी हेर शेवटी नक्की कुणाच्या बाजूचा होता? पहिल्या पाच मिनिटांत मेलेला गृहस्थ शेवटी विमानात कसा काय बसला? हे उघड विचारायचं म्हणजे आपलं अज्ञान चव्हाट्यावर मांडायचं. त्यापेक्षा मंडळी सुरक्षित विषय धरतात: "बॅकग्राउंड म्युझिक जरा जास्तच झालं, नाही?" कथेवर मत दिलं तर उलटतपासणी होते. संगीतावर दिलं तर माणूस आपोआप रसिक ठरतो.

इथून जे सुरू होतं ते सोसावंच लागतं, कारण सगळे एकाच गाडीतून परतणार असतात.

पहिला पक्ष "कान फुटले" वाल्यांचा. यांचं म्हणणं अगदीच खोटं नसतं. चित्रपटाचं मिक्सिंग, म्हणजे संवाद, संगीत आणि बाकीचे आवाज एकत्र जुळवणं, ज्या खोलीत होतं तिथे ठरावीक चाचणी-आवाज लावून पडद्यामागचा प्रत्येक स्पीकर 85 डेसिबलवर बसवलेला असतो. सिनेमागृहातही तसंच करून साउंड प्रोसेसरचा आकडा 7 वर ठेवायचा, म्हणजे मिक्सिंग करणाऱ्याने जे ऐकलं तेच प्रेक्षकाला ऐकू येईल, अशी व्यवस्था आहे. पण 7 वर ट्रेलर आणि जाहिराती लागल्या की प्रेक्षक दाराशी तक्रार घेऊन उभे राहतात. मग कुणीतरी तो आकडा 5 वर आणतो. ही दोन घरं म्हणजे साधारण साडेसहा डेसिबल. पुढे मुख्य चित्रपट लागतो, आकडा मात्र तिथेच राहतो. स्फोट तेवढ्यानेही कानात घुमतात, आणि तळघरात दोन हेर जे खुसफुसतात ते मात्र पुढच्या रांगेच्याही पलीकडे पोचत नाही.

म्हणजे "कान फुटले" पक्षाने तक्रार केली की "संवाद ऐकूच आले नाहीत" हा दुसरा पक्ष जन्माला येतो. दोघेही चित्रपटानंतर एकमेकांशी कडाकडा भांडतात. वाद घालणाऱ्या दोघांनी एकमेकांना निर्माण केल्याचं इतकं शुद्ध उदाहरण मी अन्यत्र पाहिलेलं नाही.

त्यात पुन्हा खुर्चीची भानगड आहे. संवाद मुख्यतः पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात. पडद्याला बारीक भोकं असतात ती त्यासाठीच. संगीत डाव्या-उजव्या स्पीकरांत आणि थोडं भिंतींवरच्या सराउंडमध्ये पसरलेलं असतं. मिक्सिंग करणारा बसतो खोलीच्या मधोमध, पडद्यापासून साधारण दोन-तृतीयांश अंतरावर. तुम्ही जर उशिरा तिकीट काढून भिंतीला टेकून बसला असाल, तर तुमच्या डोक्यावरचा सराउंड स्पीकर तुमच्या वाट्याला दुप्पट उत्साहाने येतो आणि संवाद लांबून चालत येतात. कोपऱ्यात बसलेल्याचं दुखणं निराळंच. सबवूफरचे, म्हणजे फक्त खर्जासाठी ठेवलेल्या स्पीकरचे, खोल, 120 हर्ट्‌झच्या खालचे स्वर भिंतींपाशी आणि कोपऱ्यांत साचतात. त्याला प्रत्येक पाठलागात पोटात ढवळल्यासारखं होतं, आणि बाहेर आल्यावर तो सांगतो की संगीत "अंगावर येणारं" होतं. मधल्या खुर्चीवाला म्हणतो, "छे, अगदी सूचक होतं!" दोघेही खरं बोलत असतात. म्हणून माझी सूचना अशी, की संगीतावर मत देणाऱ्याने आधी रांगेचं अक्षर आणि खुर्चीचा क्रमांक सांगावा. ही सूचना आजवर कुणीही मनावर घेतलेली नाही.

संवाद हरवण्याचं खापर मात्र एकट्या संगीतावर फुटतं, हे मला पटत नाही. हेर मुळात कुजबुजतात. कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, फक्त हवा सुसाटते. आवाजाचा पाया असलेला तो स्वरच नसल्यामुळे कुजबूज कशाखालीही गाडली जाते. शब्द ओळखू येतात ते व्यंजनांवरून, आणि स, श, फ यांचा जोर 2,000 हर्ट्‌झच्या वर असतो. नेमक्या त्याच पट्ट्यात व्हायोलिनं, झांजा, तुताऱ्यांचा कर्कश भाग आणि नायकाच्या गाडीचे टायर असे सगळे एकदम नांदत असतात. जाणता संगीतकार संवादाखाली दोनच गोष्टी ठेवतो: तळाशी एक लांबवलेला जाड स्वर आणि फार वर एखादं थरथरणारं व्हायोलिन. मधला भाग मोकळा. मग दिग्दर्शक येतो आणि म्हणतो, "मधे काहीतरी पोकळ वाटतंय." पोकळी भरली जाते आणि सुरुंगाचा पासवर्ड आपल्याला कळत नाही. 2020 सालच्या 'टेनेट' या हेरपटावर प्रेक्षकांनी याच कारणासाठी आगपाखड केली होती. त्यातली पात्रं पुन्हा मुखवट्यातून बोलतात. कुजबूज, मुखवटा आणि वर वाद्यवृंद! यापुढे शत्रूने संदेश चोरला तरी त्याचा त्याला काय उपयोग?

आता तिसरा पक्ष, आणि सगळ्यात चिवट. "हल्ली धूनच नसते हो!" हे वाक्य आलं की मागोमाग जुन्या धुनी गुणगुणण्याचा कार्यक्रम येतो. त्यात 1962 सालची जेम्स बाँडची धून हमखास. गिटारवर विक फ्लिक, वाद्यमेळ जॉन बॅरीचा, श्रेय माँटी नॉर्मनचं, आणि त्या श्रेयावरून पुढे कोर्टकचेरीही झाली. मला त्यातला एक तपशील फार प्रिय आहे. नॉर्मनने ती चाल मुळात नायपॉल यांच्या 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास' या कादंबरीवरच्या, कधीही रंगमंचावर न आलेल्या संगीत नाटकासाठी बांधली होती. गाणं होतं अपशकुनी शिंकेबद्दल. जगातल्या सर्वांत रुबाबदार हेराच्या मागे साठ वर्षं एक शिंक वाजते आहे, हे धूनप्रेमींना सांगितलं की ते दोन मिनिटं तरी गप्प बसतात.

त्यानंतर 'मिशन इम्पॉसिबल'. लालो शिफ्रिनने 1966 मध्ये दूरचित्रवाणी मालिकेसाठी केलेली ही धून पाच मात्रांची आहे. अर्ध्या मात्रांत मोजली तर तीन-तीन-दोन-दोन, एकूण दहा. दोन लांब ठोके, दोन आखूड. तारेच्या मोर्स लिपीत दोन रेघा म्हणजे एम आणि दोन ठिपके म्हणजे आय, नावाचीच आद्याक्षरं. गाडीत ही धून गुणगुणणारे निम्मे लोक मात्र ती चार मात्रांतच बसवतात आणि एक मात्रा वाटेत कुठेतरी सांडतात. त्यांना हसू नये. 1996 च्या चित्रपटाच्या वेळी यूटू या रॉक बँडच्या दोघा वादकांनी तिची जी आवृत्ती काढली तीही बरीचशी चार मात्रांतच होती, कारण पाच मात्रांवर नाचताना माणसाला एक पाय जास्तीचा लागतो.

मग हल्ली धून का नसते? प्रतिभा आटली म्हणून, असं म्हणणं सोपं आहे. मला दोष कात्रीचा वाटतो. पूर्वी चित्रपट बऱ्यापैकी कापून झाल्यावर संगीतकाराकडे जायचा. दिग्दर्शक आणि संगीतकार बसून प्रत्येक तुकडा कुठे सुरू, कुठे बंद ते ठरवत आणि तसे क्रमांक देत. आता संगणकावर शेवटच्या आठवड्यापर्यंत कापाकापी चालू राहते. गणित बघा: सेकंदाला 24 फ्रेम, आणि मिनिटाला 120 ठोक्यांची लय असेल तर एक ठोका बरोबर 12 फ्रेमचा. आता संकलकाने पाठलागातून 17 फ्रेम उडवल्या, म्हणजे एक ठोका आणि वर पाच फ्रेम गेल्या. चढत जाणारी, वळण घेणारी धून असेल तर ती तिथे लंगडते, पुन्हा लिहावी लागते. त्याऐवजी तीन-चार स्वरांची घासणी असली, व्हायोलिनांनी घासघास घासलेली, तर कुठेही कापा, कुठेही जोडा, कुणाच्या बापाला कळत नाही. पाठलागाखाली आपल्याला जे "डगडग-डगडग" ऐकू येतं ते संकलकाच्या सोयीचं संगीत असतं. सोयीचं असूनही काही संगीतकार त्यात जीव ओततात. 'बोर्न' मालिकेत जॉन पॉवेलने तेवढ्या घासणीवर पाठलागच्या पाठलाग तोलून धरले. पण ते गुणगुणता येत नाही, त्यामुळे गाडीत त्याला मत मिळत नाही.

"हे कुठेतरी ऐकलंय" म्हणणारा एकजण कोपऱ्यात असतोच. त्याला बाकीचे खोडून काढतात, पण बहुधा त्याचंच बरोबर असतं. संकलन चालू असताना दृश्यांखाली दुसऱ्याच चित्रपटाचं संगीत तात्पुरतं लावून ठेवायची पद्धत आहे, त्याला टेम्प ट्रॅक म्हणतात. महिनोन्‌महिने तेच ऐकून दिग्दर्शक त्याच्या प्रेमात पडतो. मग संगीतकाराला सांगितलं जातं, "हुबेहूब असंच हवं, पण हे नको." वकिलाला चालेल इतकं वेगळं आणि दिग्दर्शकाला चालेल इतकं सारखं, अशा अरुंद बोळातून तो बिचारा जातो.

वास्तविक हेरपटात संगीतकाराचं कसब बघायचं असेल तर स्फोट सोडा आणि फाईल कॉपी होण्याचं दृश्य बघा. जगातली सर्वांत कंटाळवाणी घटना: पडद्यावर एक हिरवी पट्टी सरकते आहे, 61 टक्के, 74 टक्के. नायिका काहीही करत नाही, पट्टीकडे बघते. पहारेकरी जिन्यावरून शांतपणे चालत येतो. पाहिलं तर तिथे थरार औषधालाही नाही. तो सगळा खालून भरला जातो: एक टिकटिक, दर आठ मात्रांनी अर्ध्या स्वराने वर चढणारी तंतुवाद्यं, 99 टक्क्यांवर सगळं एकदम बंद, आणि मग एक जाड ठोका. प्रेक्षक खुर्चीच्या कडेला येतात. बाहेर आल्यावर म्हणतात, "त्या सीनमध्ये नायिकेने काय काम केलंय!"

चौथा पक्ष एकाच माणसाचा असतो आणि तो सगळ्यांत उंच आवाजात बोलतो: "संगीत नकोच होतं." हा हिचकॉकचा 1959 सालचा 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' पुढे करतो. शेतात विमान नायकाच्या अंगावर झेपावतं तो प्रसंग. बर्नार्ड हरमनसारखा संगीतकार हाताशी असताना तिथे संगीताचा एक स्वर नाही, नुसता इंजिनाचा आवाज, थेट विमान टँकरवर आदळेपर्यंत. मुद्दा बिनतोड आहे. फक्त हा गृहस्थ हे विसरतो की त्या चित्रपटाच्या सुरुवातीलाच हरमनने आपल्याला स्पॅनिश नाचाच्या चालीवर इतकं घुसळलेलं असतं, की शेतातली ती शांतता त्याच्याच पुण्याईवर उभी राहते. 2006 सालच्या 'कसिनो रोयाल'मध्येही ओळखीची धून पूर्ण रूपात शेवटापर्यंत राखून ठेवली आहे. राखून ठेवायला आधी ती असावी लागते.

"मी घरीच बघितला, मला काही कळलं नाही" असं म्हणणाऱ्यासाठी मात्र खरोखर उपाय आहे. टीव्हीचे दोनच स्पीकर असतील तर पाच स्पीकर अधिक एक सबवूफर यांच्यासाठी केलेल्या मिश्रणाला त्यांत दाटीवाटीने कोंबलं जातं. मधल्या स्पीकरचे संवाद तीन डेसिबलनी उतरवून डावी-उजवीकडे वाटले जातात, सबवूफरचा भाग बहुधा टाकूनच दिला जातो, आणि वर सगळं संगीत आहेच. तेव्हा ॲपच्या आवाजाच्या यादीत स्टिरिओ ट्रॅक मिळाला तर तो निवडावा. टीव्हीत रात्रीचा मोड असेल तर तो लावावा, म्हणजे स्फोट खाली येतात आणि कुजबूज वर येते. वेगळा मधला स्पीकर असेल तर तेवढाच दोन-तीन डेसिबल वाढवावा. संपूर्ण आवाज वाढवू नये, नाहीतर पुढच्या स्फोटाला रिमोट शोधताना हातातलं सगळं सांडतं.

ज्याला अजूनही शंका असेल त्याने घरीच तेच फाईलीचं दृश्य दोनदा लावावं: एकदा आवाज पूर्ण बंद करून, एकदा डोळे मिटून. पहिल्या वेळी पट्टी सरकताना जांभई येते. दुसऱ्या वेळी काहीही न दिसता तळहात ओले होतात. मी हा प्रयोग सगळ्या पक्षांना एकत्र बसवून करायला सुचवतो. आवाज बंद केलेलं दृश्य संपलं की "संगीत नकोच" वाला पाठ टेकून बसतो आणि सगळ्यांकडे विजयी नजर टाकून म्हणतो, "बघा! किती छान झोप लागली असती."