प्रेमात पडायचंय? आधी बापाची चांदी मोजा

पेकिंग ऑपेरातला, म्हणजे चिनी संगीत नाटकातला प्रेमवीर व्हायचं असेल ना, तर 'यू तांग चुन' हे नाटक बघा, सगळा सिलॅबस त्यात आहे. पहिली अट म्हणजे बाप बडा सरकारी अधिकारी हवा. कारण सू सान नावाच्या गणिकेची पहिली भेटच ३०० ताएल चांदीची, आणि पुढे वर्ष भरायच्या आत ३६,००० ताएल उडवायचे असतात. एक ताएल साधारण ३७ ग्रॅम धरा, तेराशे किलोच्या वर जाते, टेम्पो लागेल राव! पैसे संपले की कोठीवाली बाई हाकलते, तेव्हा देवळात जाऊन पडायचं. सू सान शोधत येते आणि उलट तीच ३०० ताएल हातावर ठेवते. घ्या बिनधास्त, नाटकाचा हिरो वांग जिनलोंगही लाजला नव्हता.

मग अभ्यास करा, परीक्षा पास व्हा, मोठे साहेब व्हा. मधल्या काळात तिला शानशी प्रांतातल्या एका व्यापाऱ्याला विकतात, त्याची बायको तिच्यासाठी नूडल्समध्ये विष घालते, ते खातो नवराच, आणि लाच खाल्लेला न्यायाधीश खून सू सानच्या माथी मारून मोकळा. पण ते तिचं ती बघेल, तुम्ही पुस्तकात डोकं घाला.

आता ती निघालीय होंगतोंग गावाहून प्रांताच्या राजधानीला, ताययुआनला, फेरसुनावणीला. गळ्यात माशाच्या आकाराचा लाकडी खोडा, सोबत म्हातारा शिपाई छोंग. रस्त्यात ती लोकांना गाऊन विनवते, कुणी नानजिंगला जाणार असेल तर माझ्या त्याला सांगा, पुढच्या जन्मी कुत्रा नाहीतर घोडा होऊन उपकार फेडीन. उपकार! कुणाचे, तर ज्याला देवळात जाऊन हिने पैसे दिले त्याचे. म्हणजे बघा, इन्व्हेस्टमेंट करावी तर अशी. पुढे ती वैतागून म्हणते होंगतोंगमध्ये एकही माणूस चांगला नाही, तर छोंग रुसतो, मग तिला लगेच दुरुस्ती करावी लागते, तुम्ही सोडून हो बाबा. खरं तर अख्ख्या नाटकात तिचा खोडा काढून स्वतःची काठी तिच्या हातात देणारा हा म्हातारा एकटाच, पण त्याच्यासारखं व्हायचा सल्ला मी देणार नाही, त्याला कोण हिरो म्हणतंय.

शेवटचा धडा कोर्टातला. तुम्ही आता न्यायाधीश, मधल्या खुर्चीत, बाजूला लाल झग्याचे आणि निळ्या झग्याचे असे दोन साहेब, आणि समोर ती, जवळजवळ अख्खा प्रवेश गुडघ्यांवर बसून गातेय. (पेकिंग ऑपेरातले नामवंत नट मेई लानफांगही सू सानची भूमिका करायचे, पुरुष असून, बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला ते काय समजावायचं.) ती पहिल्या चहापासून सगळा हिशोब सांगते, तुमच्या नावासकट, आणि निळा झगेवाला तुमच्याकडे बघून गालात हसत असतो. अशा वेळी घाम पुसायचा नाही, आणि 'तो मीच' असं तर चुकूनही म्हणायचं नाही. जुनं दुखणं उपटलंय म्हणायचं आणि वैद्याला बोलावून घ्यायचं.