क्लच बदलला, पण फाउंडेशन कुणी बघितली?

क्लचप्लेट बदलून गाडी आली की आपण काय बघतो? क्लच हलका झाला का आणि गिअर नीट पडतात का, एवढंच. माझं स्पष्ट मत आहे : गिअरबॉक्स उतरवलेली गाडी इंजिनाची फाउंडेशन (इंजिन ज्यांवर टेकतं ते रबरी आधार) आणि व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन) तपासल्याशिवाय ताब्यात घेऊच नये.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आडवं असतं. इंजिन आणि गिअरबॉक्सचा सगळा भार तीन-चार रबरी फाउंडेशनवर तोललेला असतो. गिअरबॉक्स काढायचा तर त्या बाजूचं फाउंडेशन सुटतं, इंजिन जॅकवर टेकवावं लागतं, एक्सल निघतात, चाकाला गाडीशी खालून जोडणारे लोअर आर्म सुटतात. काही गाड्यांत पुढची सबफ्रेम, म्हणजे लोअर आर्म जिला जोडलेले असतात ती खालची चौकटसुद्धा खाली येते. काम क्लचचं, पण हलवाहलव अर्ध्या गाडीची.

घोटाळा होतो तो परत बसवताना. भोकं जुळेनात, म्हणून इंजिन पहारीने रेटायचं, बोल्ट घालायचा आणि आवळून टाकायचा. रबर तसंच पिळात अडकतं. मग सिग्नलला उभं असताना स्टेअरिंग थरथरतं, एसी लावला की डॅशबोर्ड खडखडतो. तक्रार केली तर उत्तर ठरलेलं, "नवीन क्लच आहे, होईल सेट." पिळलेलं रबर सेट होत नाही हो, ते लवकर फाटतं!

खरं तर बोल्ट आधी सैल ठेवून, इंजिन थोडं हलवून त्याला आपल्या जागी बसू द्यायचं आणि मग कंपनीने दिलेल्या क्रमाने, टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळायचं. लोअर आर्मच्या बुशचंही, म्हणजे त्याच्या सांध्यातल्या रबराचंही तेच. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना ते बोल्ट पक्के केले, तर गाडी खाली आल्यावर बुश कायम पिळलेले राहतात. चाकांवर वजन आल्यावरच शेवटचं आवळायचं. ही चूक वरून बघून कळत नाही, म्हणून विचारायलाच हवं.

फाउंडेशन तपासायला फार वेळ लागत नाही. बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा. सरावाच्या माणसाने ब्रेक दाबून ठेवून पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडायचा, मग रिव्हर्समध्ये. आपण बाजूला उभं राहून बघायचं, गाडीसमोर नाही. इंजिन जरासं कलणारच. पण उसळलं किंवा ठक्क आवाज आला, तर गाडी तिथेच ठेवा.

अलाइनमेंटचं म्हणाल, तर आधी टायरची हवा सारखी करा. सबफ्रेम काही मिलिमीटर सरकली तरी चाकांचे कोन बदलतात. पुष्कळ गाड्यांत पुढे फक्त टो (वरून बघता चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं) सेट करता येतो, कॅम्बर (समोरून बघता चाकाचा कल) आणि कॅस्टर (बाजूने बघता स्टेअरिंगच्या अक्षाचा कल) यांना ॲडजस्टमेंटच नसते. त्यामुळे कामानंतर डाव्या-उजव्या बाजूच्या कॅम्बर-कॅस्टरमध्ये मोठा फरक दिसला, तर टो जुळवून, स्टेअरिंग सरळ करून "झालं" म्हणणं मला मान्य नाही. सबफ्रेम सैल करून आधी जागेवर घ्यायला हवी. आधीचे आणि नंतरचे आकडे असलेली प्रिंट मागून घ्या.

यात दोष एकट्या मेकॅनिकचा नाही. "गणपतीला गावी निघायचंय, संध्याकाळपर्यंत द्याच" म्हणून आपणच त्याच्या डोक्यावर बसतो, वर मजुरीत घासाघीस करतो. गाडी देतानाच सांगा की तपासणीचा वेळ धरा, त्याचे पैसे देतो. आणि गिअरबॉक्स खाली असतानाच फाउंडेशन बघून घ्या. रबराला तडा असेल किंवा तेल भरलेल्या फाउंडेशनमधून तेल गळत असेल, तर तेव्हाच बदला. ते सुटलेलंच असतं, वेगळी मजुरी फारशी पडत नाही.